कंपनीला डीबीए किती लागतात? तासांचा हिशोब मांडून आकडा कसा काढायचा

चाकणच्या एका कारखान्यातून मला बोलावणं आलं ते एका प्रश्नासाठी. वाहनांचे सुटे भाग बनवणारी कंपनी, तीन शिफ्टमध्ये चालणारी. आयटी मॅनेजर म्हणाले, "मॅडम, आमचा एकुलता एक डीबीए राजीनामा देतोय. त्याच्या जागी एक घ्यायचा की दोन?" (डीबीए म्हणजे डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर, कंपनीचे डेटाबेस सांभाळणारा माणूस.) त्यांच्यासमोर सीएफओंना, म्हणजे वित्तप्रमुखांना, द्यायचा हेडकाउंटचा, म्हणजे माणसांच्या संख्येचा, कागद होता आणि त्यातली आकड्याची जागा रिकामी होती. ती जागा भरायला आम्हाला पाच आठवडे लागले. काय केलं ते याच कारखान्याचे आकडे थोडे गोल करून सांगते. तुमची कंपनी वेगळी असेल, आकडे वेगळे येतील, पण हिशोब असाच मांडता येईल.

"एका डीबीएमागे किती डेटाबेस?" हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. बैठकीत कुणी ना कुणी तो विचारतंच आणि कुणी तरी कुठे तरी ऐकलेला आकडा फेकतं. स्क्रिप्टने उभे केलेले, एकाच साच्यातले दोनशे पोस्टग्रेस डेटाबेस दोन माणसं नीट सांभाळू शकतात. उलट ओरॅकलवरचा एक ईआरपी (कंपनीचे सगळे व्यवहार नोंदवणारं सॉफ्टवेअर), शेजारी मुदत संपलेला, म्हणजे बनवणाऱ्याने दुरुस्त्या देणं थांबवलेला, एसक्यूएल सर्व्हर आणि कोपऱ्यात कुणी तरी सुरू करून सोडून दिलेला मायएसक्यूएल, एवढ्या तिघांत एक माणूस पिचून जातो. (पोस्टग्रेस, ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल ही डेटाबेस चालवणारी वेगवेगळी सॉफ्टवेअर, म्हणजेच इंजिनं.) मोजायचे ते तास. आणि त्या तासांना कुणी हजर नसेल तर कुठे काय अडतं, हे त्याच्या बरोबरीने लिहायचं.

यादी करा, टेबलाखालच्या सर्व्हरसकट

आयटी विभागाने मला सात प्रॉडक्शन (रोजच्या खऱ्या कामाचे) डेटाबेस सांगितले. निघाले अकरा: ओरॅकलचे तीन, एसक्यूएल सर्व्हरचे सहा, पोस्टग्रेसचे दोन. शोधायला फार हुशारी लागत नाही. नेटवर्कवर १५२१, १४३३, ३३०६ आणि ५४३२ हे पोर्ट (या इंजिनांचे नेटवर्कवरचे ठरलेले दरवाजे) कुठे उघडे आहेत ते बघायचं. गेल्या पाच वर्षांत कोणती सॉफ्टवेअर विकत घेतली, ते खरेदी विभागाच्या फायलींत मिळतं. आणि मग स्टोअर्स, क्वालिटी, एचआर, अकाउंट्स या प्रत्येक विभागात जाऊन विचारायचं, "तुमचं काम कोणत्या स्क्रीनवर चालतं?"

आमचा अकरावा डेटाबेस गेटवर सापडला. वजनकाट्याच्या केबिनमध्ये धुळीने माखलेला एक पीसी, त्यावर एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस. त्या एक्सप्रेस आवृत्तीत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा असते आणि ती फाइल ९.४ जीबीवर पोचली होती. मर्यादा गाठली की नवी नोंद होत नाही, म्हणजे काटा चालू आणि वजनाची पावती बंद. बॅकअप कधीच घेतलेला नव्हता, कारण त्याची जबाबदारी कुणाकडेच नव्हती. ज्या डेटाबेसला मालक नाही, त्याचंही काम शेवटी डीबीएच्याच अंगावर पडतं, आणि तेही बहुधा रात्री.

यादीत प्रत्येकापुढे इंजिन, आवृत्ती, आकार, महिन्याची वाढ आणि बॅकअप कुठे जातो ते लिहा. त्याशिवाय धंद्याच्या बाजूने मालक कोण, हा रकाना रिकामा ठेवू नका. टेस्ट आणि यूएटीच्या (वापरणाऱ्यांनी तपासून बघायच्या) प्रतीही लिहा, त्या रिफ्रेश करायला, म्हणजे ताज्या डेटाने भरायला, वेळ जातो.

मालकांना दोन प्रश्न विचारा, पण थेट नको

हे बंद पडलं तर किती वेळ चालेल? आणि शेवटच्या किती मिनिटांच्या नोंदी गेल्या तर चालेल? असं सरळ विचारलं की प्रत्येक विभाग "शून्य" म्हणतो. म्हणून मी विचारते, "मागच्या वेळी बंद पडलं होतं तेव्हा तुम्ही काय केलंत?" मग खरं कळतं. स्टोअर्सवाल्यांनी दिवसभर कच्च्या चिठ्ठ्यांवर माल दिला होता आणि दुसऱ्या दिवशी बसून नोंदी केल्या होत्या. हजेरीची यंत्रं स्वतःच काही दिवसांचे पंच साठवून ठेवतात. पण डिस्पॅचचे सुपरवायझर म्हणाले, "मॅडम, इनव्हॉइस निघालं नाही की इ-वे बिल नाही, आणि इ-वे बिलाशिवाय गाडी गेटबाहेर काढता येत नाही." त्यांनी बोट दाखवलं त्या ठिकाणी मागच्या वेळी पहाटे नऊ ट्रक उभे होते आणि समोरच्या कंपनीची लाइन त्या मालासाठी थांबायच्या बेतात होती.

अकरापैकी तीनच डेटाबेस असे निघाले, की ज्यांच्यासाठी माणसाला रात्री उठवायलाच हवं. बाकीचे सकाळपर्यंत थांबू शकत होते. पुढचा अर्धा निर्णय या वर्गवारीवर अवलंबून असतो, म्हणून ती विभागप्रमुखांकडून लेखी घ्या.

तासांची वही

चार आठवडे डीबीएने जे काही केलं ते अर्ध्या तासाच्या हिशोबाने लिहायचं. आमचा डीबीए नोटीस पिरियडवर होता, त्यामुळे तो होता तोवरच हे उरकावं लागलं. तुम्ही राजीनाम्याची वाट बघू नका. वहीत फोनवर गेलेली वीस मिनिटं आली पाहिजेत आणि रविवारी घरून पाहिलेला अलर्टही आला पाहिजे. मग त्यात वर्षातून एकदा-दोनदा येणारी कामं मिळवून वर्षाचे तास काढायचे.

त्या कारखान्याचा हिशोब असा आला. बॅकअप, डिस्कची जागा, जॉब, अलर्ट यांची रोजची पाहणी २ तास, कामाचे ३०० दिवस धरून ६०० तास. तिकिटं, म्हणजे ॲक्सेस दे, हा रिपोर्ट का अडकलाय बघ, ती नोंद दुरुस्त कर, आठवड्याला १२ तासांप्रमाणे ६२४. संथ क्वेरी (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) आणि इंडेक्स (उत्तर लवकर सापडावं म्हणून ठेवलेली सूची) यांवर आठवड्याला ६ तास, म्हणजे ३१२. पॅचिंग, म्हणजे इंजिनांना आलेल्या दुरुस्त्या लावणं, १८४: ओरॅकलचे पॅच जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर असे दर तिमाहीला येतात, पोस्टग्रेसच्या छोट्या आवृत्त्याही साधारण तिमाहीला येतात, आणि प्रत्येक पॅच आधी टेस्टवर लावून बघावा लागतो. यूएटी रिफ्रेश १२०. रिस्टोअरचा (बॅकअपमधून डेटाबेस पुन्हा उभा करायचा) सराव आणि वर्षातून दोनदा डीआर ड्रिल (मोठ्या आपत्तीतून सावरायची तालीम) मिळून १३६. ऑडिट आणि लायसन्सची कागदपत्रं १२०. अचानक उद्भवलेली दुखणी १५०.

शेवटी आवृत्ती बदलणं, २४० तास. हे काम हमखास हिशोबातून सुटतं, कारण चार आठवड्यांच्या वहीत ते दिसत नाही. पण ते दरवर्षी कुठे ना कुठे येतंच. एसक्यूएल सर्व्हर २०१४ची मुदत ९ जुलै २०२४ला संपली, २०१६ची तारीख १४ जुलै २०२६. मायएसक्यूएल ५.७ची ऑक्टोबर २०२३मध्ये संपली. पोस्टग्रेसची प्रत्येक मोठी आवृत्ती पाचच वर्षं सांभाळली जाते. अकरा डेटाबेस असतील तर यांपैकी एखादी तारीख दरवर्षी तुमच्या दारात उभी असते.

एकूण २,४८६ तास.

एका माणसाचे खरे तास

कारखाना आठवड्याचे सहा दिवस चालवतो, म्हणून ३६५मधून ५२ साप्ताहिक सुट्ट्या वजा. सणांच्या १०, रजा २४ आणि प्रशिक्षणाचे ५ दिवस वजा केले की उरतात २७४ दिवस. दिवसाचे आठ तास धरू नका. बैठका, मेल, हँडओव्हर, चहा हे सगळं जाऊन सलग कामाचे सहा तास मिळाले तरी चांगलं. म्हणजे वर्षाला १,६४४ तास.

२,४८६ला १,६४४ने भागलं तर येतात १.५ माणसं. पण माणूस शंभर टक्के भरून ठेवला की पहिल्याच मोठ्या बिघाडाला सगळी कामं कोलमडतात, म्हणून मी २० टक्के मोकळीक धरते. मग २,९८३ तास, म्हणजे १.८.

इथे मॅनेजमेंट खाली ओढायला बघतं: "रिस्टोअरचा सराव काढा, ऑडिट कमी करा, दीडवर आणा." बाकी कुठल्याही ओळीवर घासाघीस करा, पण रिस्टोअरच्या ओळीला हात लावू देऊ नका. गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीचं उदाहरण जगजाहीर आहे, कारण त्यांनी स्वतःच ते सगळं प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. ३१ जानेवारी २०१७ला रात्री उशिरा, बराच वेळ झुंजलेल्या एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरची डेटा डिरेक्टरी पुसली. कमांड थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबीच उरले होते. बॅकअपकडे वळले तर पीजीडंप हा बॅकअपचा प्रोग्राम चुकीच्या आवृत्तीमुळे आधीपासूनच फसत होता, आणि तो फसल्याचे मेल वाटेतच नाकारले जात होते. योगायोगाने कुणी तरी सहा तास आधी हाताने एक स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घेतला होता म्हणून निभावलं, तरी सुमारे सहा तासांच्या नोंदी गेल्याच.

चाकणमध्येही आम्ही वही लिहिता लिहिता पहिला सराव केला तो पगाराच्या डेटाबेसवर. दोन वर्षं रोज सकाळी "बॅकअप यशस्वी" असा मेल यायचा. तीच फाइल दुसऱ्या सर्व्हरवर नेऊन रिस्टोअरची कमांड दिली आणि एसक्यूएल सर्व्हरने सांगितलं, सर्टिफिकेट सापडत नाही. डेटाबेस एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद होता, आणि ज्या सर्टिफिकेटने, म्हणजे किल्लीने, केला होता त्याची प्रत मूळ सर्व्हर सोडून कुठेच नव्हती. ज्याने एन्क्रिप्शन चालू केलं तो माणूस कधीच नोकरी सोडून गेला होता. त्या दिवशी तो सर्व्हर जळला असता तर सातशे माणसांच्या पगाराचा इतिहास गेला असता, आणि दोन वर्षांचे सगळे "यशस्वी" बॅकअप नुसतेच पडून राहिले असते. सर्टिफिकेटची प्रत घ्यायला पाच मिनिटं लागली. ती पाच मिनिटं एकट्या, सतत तिकिटांत बुडालेल्या डीबीएला दोन वर्षांत मिळाली नव्हती. त्याला मी दोष देत नाही.

रजेची कसोटी

कामाच्या तासांनी १.८ सांगितलं. आता प्रत्येक इंजिनपुढे ते येणाऱ्या माणसांची नावं लिहा. येणं म्हणजे काय ते ठरवून घ्या: रात्री दोनला, कुणाला फोन न करता, रनबुक (काय करायचं ते पायरीपायरीने लिहिलेला कागद) समोर ठेवून रिस्टोअर करता आलं पाहिजे. मग एकेक नाव झाकून बघा. ज्या ओळीत कुणीच उरत नाही, तिथे तुमची कंपनी एका माणसाच्या तब्येतीवर चालली आहे.

मी ही कसोटी गणपतीच्या आठवड्यावर घेते. मूळचा कोकणातला माणूस गणपतीला गावी जाणार म्हणजे जाणार, आणि त्याने जावंच. त्या आठवड्यात डिस्पॅचचा डेटाबेस अडकला तर लॅपटॉप उघडणारं दुसरं कोण आहे? दुसरी कसोटी मार्चअखेरची: अकाउंट्सचे क्लोजिंगचे रिपोर्ट, ऑडिटर दारात, आणि डीबीएच्या घरी आजारपण. तिसरी नोटीस पिरियडची. आपल्याकडे अनुभवी माणसाला बहुधा तीन महिन्यांचा नोटीस असतो, म्हणजे तुम्ही निवडलेला माणूस यायलाही तीन महिने, आणि तो तुमची व्यवस्था शिकेपर्यंत आणखी दोन-तीन. एकटाच डीबीए असेल तर ती दरी कशानेच भरत नाही.

म्हणून एकावरून दोनावर जायचं की नाही, हे कामाच्या तासांवर सोडू नका. भागाकार ०.९ आला तरी त्या डेटाबेसवर ट्रक अडत असतील तर दुसरं नाव लागतंच. ते नाव पूर्णवेळ डीबीएचंच हवं असं नाही. लिनक्स सांभाळणाऱ्या ॲडमिनला आठवड्याचा एक दिवस देऊन पोस्टग्रेस शिकवता येतं. ओरॅकलवाल्याला एसक्यूएल सर्व्हरचं रिस्टोअर येऊ शकतं. मात्र "बघितलंय त्याने" एवढ्यावर नाव लिहू नका. तिमाहीच्या सरावात त्यानेच रिस्टोअर केलं पाहिजे, आणि पहिल्याने मागे हाताची घडी घालून बसायचं.

रात्रीचा हिशोब वेगळा

वर्षाचे ८,७६० तास एक खुर्ची भरलेली हवी असेल, तर सहा दिवसांच्या आठवड्यात चार माणसं लागतात, पाच दिवसांच्या आठवड्यात जवळपास पाच. तीही हँडओव्हर आणि अचानक आजारपण न धरता. "आम्हाला चोवीस तास डीबीए हवा" असं सहज म्हणणाऱ्या प्रत्येकाला हा भागाकार करून दाखवा.

बहुतेकांना खुर्ची लागत नाही, उठणारा माणूस लागतो. त्यासाठी ऑन-कॉल. पण दोन माणसांत ऑन-कॉल म्हणजे एक आठवडा आड फोन उशाशी. हे वर्षभर कुणाला झेपत नाही. तिघांत कसंबसं चालतं, चौघांत माणूस टिकतो. चाकणमध्ये आम्ही वाट काढली ती अशी: रात्रीचा पहिला फोन शिफ्टच्या आयटी सपोर्टला. त्याच्यासाठी दोन पानी मराठी रनबुक, कोणता सर्व्हर, कोणता मेसेज, काय करायचं आणि कशाला अजिबात हात लावायचा नाही. तीन महत्त्वाच्या डेटाबेससाठी बाहेरच्या सपोर्ट कंपनीशी रात्रीचा करार. आपला डीबीए तिसऱ्या फोनला. रात्री दोन तासांहून जास्त जागरण झालं तर दुसऱ्या दिवशी कॉम्प-ऑफ (बदली सुट्टी), आणि हे धोरणाच्या कागदात लिहिलेलं. थकलेल्या माणसाच्या हातात प्रॉडक्शनचा पासवर्ड देणं धोक्याचं असतं.

बाहेरच्यांशी करार करताना एक मुद्दा विसरू नका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग (यंत्रणेने आपोआप केलेल्या नोंदी) १८० दिवस जपावे लागतात. मध्यरात्री घटना दिसली तर सकाळी सहाच्या आत ती कोण कळवणार, त्याचं नाव करारात असू द्या.

क्लाउडवर गेलो तर माणसं कमी होतील का?

थोडी होतील. वहीतल्या ओळी एकेक करून तपासा. मॅनेज्ड सेवेत, म्हणजे क्लाउड कंपनीच डेटाबेस चालवते तिथे, रोजची पाहणी निम्मी होते, पॅचिंगचे १८४ तास साठेकवर येतात, रिफ्रेशचे चाळीसेक, सरावाचे नव्वदच्या आसपास. आमच्या हिशोबात ५५० तास वाचत होते. पण ॲक्सेसवर आणि दर महिन्याच्या बिलावर नजर ठेवायला १०० तास नव्याने लागत होते. निव्वळ बचत ४५०, म्हणजे एका माणसाच्या चौथ्या हिश्शाहून थोडी जास्त. संथ क्वेरी क्लाउडवर संथच राहते, फक्त तिचे पैसे दर तासाला मोजले जातात. आवृत्तीची मुदतही पाठ सोडत नाही: मुदत संपलेल्या मायएसक्यूएल ५.७साठी ॲमेझॉनची आरडीएस ही मॅनेज्ड सेवा २०२४पासून जादा आकार लावते. विक्रेता "डीबीएची गरजच राहणार नाही" म्हणाला, तर त्याला ही वही दाखवून विचारा, कोणती ओळ तुम्ही करणार?

कुणाला मोजायचं नाही

स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेले प्रोग्राम) लिहिणारा डेव्हलपर, रिपोर्ट बनवणारा, डेटा पाइपलाइन सांभाळणारा, यांना हेडकाउंटमध्ये डीबीए म्हणून धरू नका. कामं जवळची आहेत, पण बिघाडाच्या रात्री ती उपयोगी पडतीलच असं नाही. आणि ज्याच्याकडे डीबीएचे अधिकार आहेत त्यानेच ऑडिट लॉग तपासायचे, ही व्यवस्था कुठल्याही आकाराच्या कंपनीत नको. दुसरा डीबीए नसेल तर लॉग आयटीबाहेरच्या माणसाकडे जाऊ द्या.

एकच छोटा डेटाबेस, दिवसा चालणारा, अशी कंपनी असेल तर पूर्णवेळ डीबीए घेऊ नका. चांगला माणूस तिथे कंटाळून वर्षात जातो. महिन्याचे ठरावीक तास बाहेरून घ्या, पण रिस्टोअरचा सराव तुमच्या माणसासमोर करून घ्या.

सीएफओंपुढे

तिथे इंडेक्स आणि पॅचची भाषा चालत नाही. आम्ही एकच पान नेलं. वरती वहीचे २,४८६ तास, त्याखाली १.८, त्याखाली रजेची कसोटी. मधोमध डिस्पॅच एक तास बंद राहिला तर काय होतं: किती गाड्या थांबतात, वाहतूकदार थांबण्याचे किती घेतो, ग्राहकाशी केलेल्या करारात उशिराचा दंड किती. हे तीन आकडे डिस्पॅच आणि अकाउंट्सनेच काढून दिले, त्यामुळे त्यांवर वाद झाला नाही. शेवटी तीन पर्याय खर्चासह: एक डीबीए आणि दिवसरात्र बाहेरचा करार, दोन डीबीए आणि फक्त रात्रीचा करार, किंवा चार डीबीए. प्रत्येकापुढे लिहिलं होतं की कोणती जोखीम उरते आणि ती कोण स्वीकारतंय. सही करणाऱ्याला काय स्वीकारतोय ते दिसलं की संभाषण बदलतं. त्यांनी दुसरा पर्याय घेतला.

दोघांपैकी एक जण ओरॅकलमध्ये मुरलेला घेतला, दुसरी एसक्यूएल सर्व्हर आणि पोस्टग्रेसची. पहिल्या सहा महिन्यांत दोघांनी एकमेकांचं रिस्टोअर शिकायचं, हे त्यांच्या कामाच्या उद्दिष्टांतच लिहिलं. वजनकाट्याचा डेटाबेस तिने पहिल्याच महिन्यात मुख्य सर्व्हरवर हलवला.

वही बंद करू नका. वर्षातून एक महिना पुन्हा लिहा, आणि नवा प्लांट, नवं ईआरपी किंवा नवं इंजिन आलं तर लगेच. सरावाच्या ठरलेल्या तारखा सलग दोनदा पुढे ढकलल्या गेल्या, किंवा तिकिटांची ओळ आठवड्याला १२ तासांवरून १८वर गेली, तर वर्ष संपायची वाट न बघता भागाकार पुन्हा करा. चाकणमध्ये ती वही आता श्रावणात उघडतात, म्हणजे गणपतीच्या रजा मंजूर करायच्या आधी प्रत्येक ओळीत दोन नावं आहेत की नाहीत ते दिसतं.